दहातले चार

फुटबॉल सामन्याचं मध्यंतर पंधरा मिनिटांचं, त्यातली नऊ गेली होती. खेळाडूंच्या खोलीत बाकावर डिंकी बसली होती आणि समोर स्टुलावर तिची मावशी. डिंकी हे काही खरं नाव नव्हे. ती गोलकीपर; चेंडू एकदा हाताला लागला की सुटतच नाही, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं. आज मात्र समोरून धावत आलेल्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला आणि चेंडू सुटला.

मावशी संशोधक. डोक्याला मार बसलेल्या मुलीने पुन्हा मैदानात उतरावं की नाही, हे ठरवायची पद्धत ती दोन वर्षं तयार करत होती. मोसमाच्या सुरुवातीला प्रत्येकीला दहा शब्द ऐकवायचे आणि थोड्या वेळाने किती आठवतात ते लिहून ठेवायचं. मार लागला की नवे दहा. आधीपेक्षा कमी आले तर बाहेर, तेवढेच आले तर आत. मुलांची डोकी मोजून झाली होती म्हणे, मुलींची मोजायचं फारसं कुणाला सुचलंच नव्हतं! ही पद्धत सामन्यांत वापरायच्या परवानगीसाठी मावशीने किती ऑफिसांचे उंबरठे झिजवले, विचारू नका.

"छत्री," डिंकी म्हणाली. "साबण. कुलूप." मग कपाळाला आठ्या घातल्या. "शिडी."

"अजून?"

"बस्स. एवढेच."

दहातले चार. सुरुवातीलाही चारच होते.

ज्या पोरीला अख्ख्या नात्यागोत्याचे फोन नंबर पाठ, कोण कुणाला कधी काय बोललं ते तारखेसकट पाठ, तिला दहातले चार? मोसमाच्या सुरुवातीलाच मावशीला वाटलं होतं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. सगळ्या संघाचे चार नाहीतर पाच, आणि बाहेर पडताना पोरी फिदीफिदी हसत होत्या. पण एका संघाचे आकडे रद्द करायचे म्हणजे अहवाल अडला, परवानगीही अडली. दमल्या असतील पोरी, अशी स्वतःची समजूत घालून बाईसाहेब मोकळ्या झाल्या होत्या. केवढी ती हुशारी!

प्रशिक्षकांनी दारातून डोकं आत घातलं. "काय मॅडम, किती?"

"चार."

"आणि तेव्हा?"

"चार."

"मग झालं की! दुसरी गोलकीपर तापाने घरी पडलीये. द्या सही."

"दोन मिनिटं थांबा."

"थांबायला वेळ कुठाय?" माणूस वाईट नव्हता, पण अंतिम सामना त्याच्या अंगात आला होता. मावशीने उठून दार लावून घेतलं.

"खरं सांग. तेव्हा मुद्दाम चार सांगितलेस ना?"

डिंकीने बुटाची नाडी ओढली. "रागावणार नाहीस?"

"आधी बोल."

"सगळ्यांनीच केलं. कॅप्टन म्हणाली, आधीच कमी सांगून ठेवा, म्हणजे उद्या लागलं तरी कुणी बाहेर काढणार नाही. मला दहाच्या दहा येत होते, मावशी. चारवर थांबायचं अगदी जिवावर आलं होतं."

हसावं की एक ठेवून द्यावी, मावशीला कळेना. पण जीव जरा भांड्यात पडला. पोरगी लबाडी करतेय म्हणजे डोकं ठिकाणावर आहे.

"आणि आजही चारवरच थांबलीस ना गं, लबाडे?"

हो म्हण, बाई. एकदा हो म्हण.

डिंकीने नकारार्थी मान हलवली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आज दहाच्या दहा सांगणार होते. ते गुपित मला नको झालं होतं." मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आज चारच आले."

मावशीने दार उघडलं. "ही खेळणार नाही. रुग्णवाहिका बोलवा."

"अहो, तुमचाच कागद म्हणतोय की—"

"कागद खोटा आहे. तुमच्या सगळ्या पोरींचे कागद खोटे आहेत. आज कुणाच्याही डोक्याला नुसता धक्का लागला तरी मला विचारत बसू नका, सरळ बाहेर काढा."

बाहेर शिट्टी वाजली, तशी बचावफळीतल्या एकीच्या हाती प्रशिक्षकांनी डिंकीचे हातमोजे कोंबले आणि फोन काढला.

रुग्णवाहिकेत डिंकी डोळे मिटून पडली होती. मावशी दर मिनिटाला तिला हाक मारायची, ती "हं" म्हणायची, आणि तेवढ्यापुरता मावशीला श्वास घेता यायचा.

"मावशी, तुला तेव्हा खरंच कळलं नव्हतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. पोरीला ते पटलंही असतं.

"कळलं होतं गं."

डिंकीने डोळे उघडले.

"मी किती दिवस वाट बघत होते," ती म्हणाली. "वाटायचं, आज तू ओरडशील."