नऊ पॉइंट

सुयोग परबचे नऊ पॉइंट होते. ट्युनिशियात, इजिप्तमध्ये, पंधरा हजार डॉलर बक्षिसाच्या सर्वांत छोट्या स्पर्धांत हरत-जिंकत त्याने ते वर्षभरात जमवले होते. जगातल्या टेनिसपटूंच्या यादीत त्यामुळे त्याचा नंबर हजाराच्या आसपास लागायचा. दहिसरच्या चाळीत त्याच्या आईने, सुगंधाने, हे मोबाइलवर सगळ्यांना दाखवलं होतं.

२०१९पासून या छोट्या स्पर्धांचे पॉइंट मुख्य यादीत धरणार नाहीत, हे त्याने वाचलं होतं. त्याने अंबादास सरांना विचारलंही होतं. सर बोरिवलीला अकॅडमी चालवायचे, आणि अकराव्या वर्षापासून सुयोग त्यांच्याकडेच होता.

"नवीन नियम नव्या स्पर्धांना रे," सर म्हणाले होते. "कमावलेलं कोण काढून घेतंय? तू आपला आमच्याबरोबर चल."

तो गेला. सर अकॅडमीच्या ज्युनिअर पोरांना ट्युनिशिया-इजिप्तला न्यायचे, आणि सकाळ-संध्याकाळ त्यांच्याशी सरावाला सुयोग असायचा.

डिसेंबरच्या शेवटच्या सोमवारी यादी लागली. सुयोग कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून नाव शोधत होता. नाव नव्हतं. शेजारी केतन कांबळे बुटाची नाडी बांधत होता. दोघं एकाच बॅचचे.

"तुझं आहे?" सुयोगने विचारलं.

"आहे ना. वरच्या, चॅलेंजर स्पर्धांचे पॉइंट धरलेत. सरांनी जूनमध्येच सांगितलं होतं, छोट्या स्पर्धा सोड, जुनेसुद्धा पुसणार आहेत, चॅलेंजरच्या पात्रता फेऱ्या खेळ." केतन थांबला. "तुला नाही सांगितलं?"

सुयोग उठून सरांच्या केबिनमध्ये गेला.

"सर, तुम्हाला जूनमध्ये माहीत होतं?"

सरांनी चष्मा काढला. "तुझा खेळ चॅलेंजरचा नव्हता, सुयोग."

"हे मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू आला असतास आमच्याबरोबर?"

सुयोगला वाटलं, निदान आता तरी ते माफी मागतील. त्यांनी समोरचं वेळापत्रक पुढे ओढलं. त्या दिवशी त्याने सरावाच्या दोन्ही रॅकेट बॅगेत भरल्या आणि तो निघून आला. घरी सुगंधाने विचारलं, "काय झाला रे?" तो म्हणाला, "नियम बदलले." सरांबद्दल बोलायची त्याला लाज वाटली, जणू चूक त्याचीच होती.

पुढे गोरेगावच्या एका सोसायटीच्या कोर्टवर तो शिकवायला लागला.

ऑगस्टमध्ये जगभरच्या खेळाडूंच्या ओरड्यामुळे जागतिक टेनिस महासंघाने माघार घेतली. छोट्या स्पर्धांचे पॉइंट परत आले. पण तोवर सुयोगच्या नऊपैकी सहा पॉइंटांची वर्षाची मुदत उलटली होती. तीन राहिले.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "अभिनंदन. नाव आलं बघ परत. सप्टेंबरात ट्युनिशियाला निघतोय, चार पोरं आहेत."

"सरावाला कोणीतरी दुसरा बघा, सर."

"अजून राग धरून बसलायस?"

"राग नाही," सुयोग म्हणाला. "आता तुम्ही काही सांगितलंत, की मला ते आधी दुसऱ्या कोणाला विचारून घ्यावंसं वाटतं."

त्याने फोन ठेवला.

त्याच आठवड्यात सोसायटीतल्या शर्मिष्ठाताई मुलीला घेऊन कोर्टवर आल्या. पोरीचा बॅकहँड झकास होता. "हिला पुढे कुठे घालू? बोरिवलीचे अंबादास सर चांगले म्हणतात," त्या म्हणाल्या.

"शिकवतात चांगलं," सुयोग म्हणाला. "पण ते जे सांगतील, ते आणखी कोणाला तरी विचारून घेत जा."