कोरडी बाटली

मी एक जुनी चाळणी आहे, मित्रांनो. पिठाची नव्हे, हवेतल्या धाग्यांची. एकात एक बसवलेल्या दोन उभ्या नळ्या आणि मधे वीज, एवढाच माझा पसारा. जपानमधल्या कावासाकीतल्या एका प्रयोगशाळेत अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ माझ्यात वरून सोडतात. लांब धागे विजेच्या ओढीने नळीला चिकटतात, आखूड खाली बरणीत उतरतात. आखूड धाग्यांना फुप्फुसातल्या पेशी गिळून टाकतात. लांब धागे पेशींना गिळवत नाहीत. ते तिथेच ठाण मांडतात आणि वीस-तीस वर्षांनी माणसाचा घात करतात. कुठला धागा किती घातक, हे शोधायचं तर माझी निवड चुकून चालत नाही.

माझा एकच हट्ट. हवा ओलसर हवी. कोरड्या हवेत धागे विजेला भीक घालत नाहीत. म्हणून माझी हवा पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत येते.

तंत्रज्ञ शिनोझुका-सान, म्हणजे शिनोझुकाराव, बारा वर्षं मला चालवत होते. "ह्या म्हातारीची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण आहे हं," असं संशोधक इगाराशी सेन्सेई, म्हणजे इगाराशी बाई, पाहुण्यांना सांगायच्या. मी आपली फुशारून जायची.

मग वर्षअखेरची मोठी साफसफाई आली. इथे त्या दिवशी झाडून सगळे हातात फडकं घेतात. शिनोझुका-साननी माझी बाटली रिकामी केली, पुसून लख्ख केली आणि जागेवर लावली. चार जानेवारीला, कामं तुंबलेली, त्यांनी पाणी न भरता तशीच मला सुरू केली. बाहेर हिवाळ्याचा कोरडा ठणठणीत वारा. लांब धागे माझ्यातून सरळ खाली, आखूड धाग्यांच्या बरणीत! मी ओरडणार कशी? मला तोंड कुठे आहे!

बरणी उघडताना ते साधा कापडी मास्क लावायचे.

"अहो, तो जाड मास्क लावा की!" सेन्सेई म्हणायच्या.

"आखूडच आहेत, सेन्सेई. माझ्या पेशींना नाश्ता नको का?"

तीन आठवडे हा नाश्ता चालला. मी रोज बघत होते आणि आतल्या आत जळत होते.

एके दुपारी सेन्सेईंनी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं. "शिनोझुका-सान, ही बरणी कुठली?"

"आखूड धाग्यांची."

"ह्यात लांबही आहेत हो!"

ते माझ्याजवळ आले. बाटलीला हात लावला. "मीच पुसली होती," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी तपासलं. आज काहीच दिसत नाही म्हणाले, आणि वीस-तीस वर्षं दिसणारही नाही.

मित्रांनो, यंत्र नुसतं चकचकीत ठेवू नका. त्याला चालायला काय लागतं, तेही रोज बघत जा. आम्हाला मागता येत नाही.

परवा शिनोझुका-सान खोकले. खोलीतले सगळे हात थांबले.

"सर्दी आहे हो, नुसती सर्दी!" ते हसले.

सेन्सेईंनी विषय बदलला. "लेक केवढी झाली तुमची?"

"सहाची. एप्रिलमध्ये शाळेत जाईल."

मग दोघंही मनातल्या मनात वर्षं मोजत उभी राहिली.