एक जरी बोर

प्राचार्यांनी परवानगी दिली खरी, पण देताना चष्म्यावरून असं काही बघितलं की रत्नप्रभाला ती नकारासारखीच वाटली.

"आजवर आपल्या गॅदरिंगात बायकांची कामं मुलगेच करत आले," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता, आख्खं नाटक आम्ही मुलीच करतो, राजासुद्धा आमच्यातलाच. करा. पण स्टेजवर एक जरी बोर पडलं, तर पुढल्या वर्षीपासून पुन्हा मुलगेच पातळ नेसतील. समजलं?"

न समजायला काय झालं! संक्रांत झाली की गॅदरिंग, आणि तेव्हाच बांधाबांधावरच्या बोरी लगडलेल्या. मागच्या बाकांवरच्या पोरांचे खिसे टम्म. नाटक रंगलं तर बोरं त्यांच्या पोटात, पडलं तर स्टेजवर. गेल्या वर्षी सीतेच्या नाकावर नेमकं एक बसलं, तेव्हा सीता पातळाचा काचा मारून, "कोण रे तो?" करत प्रेक्षकांत घुसली होती.

रत्नप्रभा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. लग्न झालेली, अकरा महिन्यांचा चिंतू घरी ठेवून कॉलेजात येणारी ती एकटीच. नाटक तिनंच लिहिलं होतं, पायानं पाळणा हलवत, चिंतूची झोप टिकेल तेवढं तेवढं. राजाराणीला मूल नाही, राणी कळंबच्या चिंतामणीला नवस बोलते, आणि तीन अंक भरपूर रडून झाल्यावर शेवटी चिंध्यांची बाहुली मांडीवर येते. राजा व्हायला सत्यभामा तयार झाली. राळेगावकडची, होस्टेलात राहणारी, आवाज असा की माइकची गरज नाही. गॅदरिंगच्या दिवशी सकाळी सर्वधर्म प्रार्थनेत, गीताईनंतर, तिनं बुद्धाचं त्रिशरण म्हटलं तेव्हा सगळा मांडव चिडीचूप उभा होता. आणि संध्याकाळी हीच बया काजळाच्या मिशा काढून घेत होती.

"वैनी, मिशी डावीकडं वर गेली का वं?"

"गेली तर गेली. सत्ये, दागिन्यांची पेटी कुठाय?"

पेटी एस.टी.च्या टपावरून उतरवायची राहिली होती आणि एव्हाना पांढरकवड्याला पोचली असेल. राणीच्या गळ्यात काळी पोतही नाही! सत्यभामानं मिशीवरून हात फिरवला.

"तुमच्या घरी ते साखरेचे हायेत ना? उद्या पोराले घालाचे?"

होते. उद्या चिंतूचं बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, डोक्यावरून बोरं-चुरमुऱ्यांची आंघोळ. शिवाय रत्नप्रभाचे स्वतःच्या पहिल्या संक्रांतीचे हार-बाजूबंद बिस्किटांच्या डब्यात जपलेले. तिचे यजमान नीळकंठराव सायकल हाणत गेले आणि डबा घेऊन आले. काळ्या चंद्रकळेवर तो पांढराशुभ्र हलवा असा काही उठून दिसला की मोती झक मारतील. चिंतूचा इवलासा मुकुट अंबाड्यावर खोचला. "उद्याच्या आत परत हं, राजा," असं तिनं मनातल्या मनात चिंतूला सांगितलंसुद्धा.

पडदा वर गेला. पेट्रोमॅक्सच्या उजेडात पुढच्या रांगेत प्राचार्य, आणि त्यांच्यामागे सासूबाई, मांडीवर चिंतू. सासूबाईंना नाटकाचं भारी वेड. सून राणी होणार म्हणून त्या दुपारपासून पैठणी नेसून बसल्या होत्या.

पहिला अंक असा रंगला की मागच्या बाकांवर बोरं चघळल्याचाही आवाज नाही. रत्नप्रभानं हात जोडले. "हे चिंतामणी, माझीच ओटी का रे रिकामी?"

सासूबाईंना हुंदका फुटला. नातू मांडीवर घेऊन, आपल्याच सुनेला मूल नाही म्हणून त्या ढसाढसा रडू लागल्या. डोळे पुसायला दोन्ही हात पदरात गेले, आणि चिंतू सुटला.

छुम, छुम, छुम. वाळे वाजले. पायऱ्या चढून, रांगत, जीभ बाहेर काढून तो थेट राणीपाशी आला, पातळाला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आई!"

मांडव कोसळायचा तेवढा राहिला. देव पावला म्हणावं, तर इतक्या तातडीनं? रत्नप्रभानं हिशेब केला. दोन अंकभर रडणं अजून शिल्लक, शिवाय शेवटी बाहुली यायची ती वेगळीच! तिनं चिंतूला उचललं, तर त्यानं अंबाड्यावरचा मुकुट ओढला आणि करकर चावून खायला लागला. आता त्याच्या लाळेत विरघळून राणीच्या कानामागून पाक ओघळू लागला.

तेवढ्यात राजाचं दरबारी मराठी संपलं.

"अवं राणीसायेब, नवस बोलून पुरता झाला नाही, तं पोरगं दात घेऊन आलं! आता फेडाचा कवा?"

हशा काही थांबेना. आणि त्या हशात रत्नप्रभाला दिसलं, मागच्या बाकावर एक हात खिशात गेला. मग दुसरा. मग सगळेच. एक जरी बोर, एक जरी. पुढच्या वर्षी पुन्हा ती नाकावर बोर बसलेली सीता!

ती पुढं आली. चिंतूला कडेवर नीट घेतलं, आणि आपल्या आयुष्यात कधी ओरडली नव्हती एवढ्या मोठ्यानं ओरडली, "प्रजाजनहो! राजपुत्र जन्मला! उद्याचं बोरन्हाण आजच करायचं! खिशातली बोरं टाकायची नाहीत, आणून द्यायची!"

"हुकूम हाय!" राजा गरजला. "जो नेम धरन त्याचे हात कलम!"

सगळ्यांच्या आधी कळलं ते सासूबाईंना. डोळे अजून ओले, पण त्या तटकन उठल्या, पदर पसरून मागच्या बाकांकडे निघाल्या. "आणा रे इकडं! लेकराला लागेल अशी कच्ची नकोत. अरे, तुझ्या दुसऱ्या खिशात काय आहे? तेही!" पोरं लाजत लाजत खिसे उलटे करू लागली. भरला पदर घेऊन त्या पुढं आल्या आणि थेट प्राचार्यांसमोर उभ्या राहिल्या.

"पहिली मूठ थोरांची, सर. चला, वर या."

प्राचार्य गोंधळले. एवढ्या मांडवासमोर पैठणीतल्या बाईला नाही कसं म्हणायचं? ते वर चढले. सासूबाईंनी त्यांच्या ओंजळीत बोरं ओतली. त्यांनी ती चिंतूच्या डोक्यावरून अलगद सोडली, आणि टप्प, टप्प करत बोरं स्टेजभर उड्या मारत पळाली. चिंतू खदखदा हसला. मग काय, पोरं चढली, पोरी चढल्या, कुणी वेचतंय, कुणी ओततंय, राजाची एक मिशी गालावर गेलेली.

"सर," सत्यभामा हळूच म्हणाली, "पह्यलं बोर तं तुमच्याच हातचं पडलं."

प्राचार्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग रत्नप्रभाकडे, चिंतूच्या तोंडातून डोकावणाऱ्या मुकुटाच्या दोऱ्याकडे. खांद्यावर अडकलेलं एक बोर उचलून त्यांनी रुमालानं पुसलं आणि तोंडात टाकलं.

"पुढल्या वर्षी," चघळत ते म्हणाले, "तिन्ही अंक झाले पाहिजेत. हे असं मध्येच मूल होता कामा नये."