हान्नाचं दुकान

मी वाईट बाई नाही, हे आधीच सांगते. बारा वर्षं म्हाताऱ्यांची ढुंगणं धुतली आहेत मी, त्यातली सहा इथे ऑकलंडला, ओटाहुहुच्या एका रेस्ट होममध्ये. वाईट बाईला हे जमत नाही. कंटाळलेल्या बाईला जमतं.

वासिल अकरा नंबरच्या खोलीत होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा युक्रेनियन, महायुद्धानंतर, वयाच्या विसाव्या वर्षी, निर्वासितांच्या छावणीतून बोटीने इथे आलेला. बायको मार्गारेट इथलीच, ती कधीच गेली. मूलबाळ नाही. त्याला भेटायला कुणी म्हणजे कुणी यायचं नाही. सुचित्रा हे माझं नाव त्याच्या तोंडात बसेना, म्हणून तो मला 'दोन्यू' म्हणायचा. म्हणजे लेकी.

एकदा मी सहज बोलून गेले, की आमच्या सँडरिंगहॅमजवळ एक युक्रेनियन दुकान निघालंय. म्हातारा ताडकन उठून बसला. "सालो मिळतो तिथे?" सालो म्हणजे मीठ-लसूण लावून मुरवलेली डुकराची चरबी. मार्गारेटने ती जन्मभर घरात येऊ दिली नव्हती. काळ्या पावावर तिचा पातळ काप आणि वर लसणाची पाकळी, एवढं सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुकान माझ्या घरच्या वाटेवरच होतं. म्हटलं, आणते.

दुकान इवलंसं. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. शनिवारी तर फुटपाथवर रांग, हॅमिल्टनहून गाडी काढून आलेली माणसंसुद्धा. काकडीच्या बरण्या, बकव्हीट, सूर्यफुलाच्या बिया घेऊन झाल्या तरी ती घरी जायची नाहीत. आपल्या भाषेत बोलत तासभर तिथेच उभी. आपली माणसं मिठाईच्या दुकानाबाहेर काय वेगळं करतात?

मालकीण हान्ना सालो स्वतः मुरवायची. पांढऱ्या कागदात बांधायची आणि कागदाच्या आतल्या बाजूला वासिलला चार ओळी लिहायची. पुढच्या वेळी तो उत्तर द्यायचा. दोघं कधी भेटली नव्हती. त्याला चालता येत नव्हतं, फोन ऐकू यायचा नाही, आणि ती आठवडाभर एकटी दुकानात. दीड वर्ष मी त्यांची पोस्टमन. त्यातलं एक अक्षर मला वाचता यायचं नाही, पण कौतुक दोन्हीकडून माझंच व्हायचं. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

२०१४च्या जूनमध्ये सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या. घरात अंडंसुद्धा नको, अशी ताकीद विमानतळावरच मिळाली. आठवडाभराने मी ड्यूटीवर असताना त्यांनी फ्रीजमधली पांढरी वडी काढली, पनीर समजून चौकोनी तुकडे केले आणि कढईत टाकले. मी दारात पाऊल टाकलं तेव्हा त्या उलथन्याने ढवळत होत्या. "कसलं गं हे इथलं पनीर? विरघळतंय नुसतं."

जगदीश, माझा नवरा, दिवसभर लॅपटॉपला डोकं लावून बसलेला असतो. त्याला नेमकं तेव्हाच तोंड फुटलं. "आई, दॅट्स पोर्क फॅट. डुकराची चरबी आहे ती. हिच्या पेशंटची."

मग काय विचारता! सासूबाईंनी डोक्यावरून आंघोळ केली. दोन दिवस केळ्यांवर काढले. कढई कचऱ्याच्या बिनमध्ये गेली. बिडाची होती, माझ्या आईने दिलेली. "अशा बाईच्या हातचं मी आठ दिवस जेवले," हे वाक्य मी त्या दोन दिवसांत किती वेळा ऐकलं ते विचारू नका.

मला संताप आला होता तो सासूबाईंचा आणि जगदीशचा. पण त्यांना बोलायची माझी टाप नव्हती, तेव्हा वड्याचं तेल वांग्यावर. सालो मी कामावरच्या फ्रीजमध्ये ठेवू शकले असते. "आता जमणार नाही," म्हटलं असतं तरी वासिल "बरं" म्हणाला असता. पण मग मी त्याची गुणी लेक राहिले नसते. म्हणून मी म्हटलं, "दुकान बंद झालं."

"बंद? आणि हान्ना?"

"गेली. आईकडे, स्लोव्यान्स्कला."

तिची आई तिथे राहते हे हान्नानेच मला सांगितलं होतं. तिथे युद्ध पेटलंय, तोफा चालू आहेत, हेही रडत सांगितलं होतं. मी नीट ऐकलं नव्हतं.

वासिलने नीट ऐकलं. त्या दिवसापासून सहाच्या बातम्यांना तो टीव्हीसमोर खुर्ची ओढायला लावू लागला. ताटातला पाव कागदी रुमालात गुंडाळून उशाखाली ठेवू लागला. लहानपणी दुष्काळात त्याची दोन भावंडं उपाशी मेली होती. "हान्नाला तिथे काय मिळत असेल, दोन्यू?" मी चार्टवर लिहायचे, भूक मंदावली आहे. तिच्यासाठी त्याने खिडकीत मेणबत्ती मागितली. खरी लावू देत नाहीत, म्हणून मी बॅटरीवरची आणून दिली. एक पत्रही त्याने लिहिलं आणि स्लोव्यान्स्कचा पत्ता शोधून पाठव म्हणाला. ते मी माझ्या लॉकरमध्ये टाकलं.

जुलैच्या शेवटी, एका मंगळवारी दुपारी, हान्ना रिसेप्शनला उभी. दुकानाला कुलूप लावून, बस आणि ट्रेन बदलत आली होती. हातात तो पांढरा कागद. तिने मला मिठीच मारली.

"सहा आठवडे आली नाहीस, सुचित्रा! वाटलं, आजारी आहे की काय तो. आज मीच भरवणार त्याला."

तिच्या खांद्यावरून मला लाउंजचं उघडं दार दिसत होतं. टीव्हीसमोर वासिलची पाठ. वीस पावलं असतील. तिला आत सोडलं असतं तर दोन मिनिटांत त्याला सगळं कळलं असतं, पाचव्या मिनिटाला मॅनेजरला. तोंड आपोआप चाललं.

"तो गेला. मागच्या आठवड्यात. अंत्यसंस्कारही झाले."

ती खुर्चीत बसली. आवाज न करता रडली. मग तिने विचारलं, "माझ्यासाठी काही लिहून ठेवलंय?"

"नाही."

पुडी माझ्या हातात देऊन ती गेली. मी ती मेडिकल वेस्टमध्ये टाकली आणि लाउंजमध्ये गेले. वासिलने मान वर करून हवा हुंगली.

"दोन्यू, लसणाचा वास येतोय."

"किचनमधून येतोय," मी म्हटलं.

अकरा दिवसांनी तो न्यूमोनियाने गेला, खरोखरचा. शेवटी विचारत होता, हान्ना सुटली असेल का तिथून? मी म्हटलं, सुटली. क्रिमेटोरियममध्ये मी आणि काळ्या कोटातला तिथला माणूस, दोघंच. जी एक बाई आली असती, तिचं रडून झालं होतं.

सप्टेंबरमध्ये हान्ना पुन्हा आली, झाकण लावलेलं भांडं घेऊन. त्यांच्यात माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी हे करतात म्हणे. शिजवलेले गहू, मध, खसखस, मनुका. "चाळीस दिवस आत्मा इथेच फिरत असतो," ती म्हणाली. "रोज त्याच्यासाठी मेणबत्ती लावली. वाट दिसावी म्हणून."

मी हिशोब केला. नको असताना डोक्यात झालाच. अकरा संध्याकाळी ती तिकडे जिवंत माणसासाठी मेणबत्ती लावत होती आणि तो इकडे तिच्यासाठी. लॉकर माझ्या मागेच होतं, पत्र त्यात होतं. मला ते काढायचं होतं, देवाशपथ काढायचं होतं. मी "थँक यू" म्हटलं आणि भांडं घेतलं.

घरी सासूबाईंनी झाकण उघडून वास घेतला. "यात काही भलतंसलतं नाही ना?"

"गहू आणि मध," मी म्हटलं. कशाचं आहे ते सांगितलं नाही.

त्यांनी एक चमचा खाल्ला, मग वाटीभर घेतलं. सासूबाई माझ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच हसल्या. "अगं, अगदी खपल्याच्या खिरीसारखं! कुठल्या दुकानातलं? लांब नसेल तर आणखी आण की."

मी भांडं विसळायला घेतलं. नळ पूर्ण सोडला.

"दुकान बंद झालं," मी म्हटलं.