मापाची बंदूक

जयदीपचा सल्ला न मागता मिळतो, आणि सविस्तर मिळतो. सौदीतल्या हाइलमधल्या धान्याच्या कोठारांचं काम बघणारा हा नाशिकचा इंजिनियर. आयुष्यात एकदाही बंदूक हातात न धरता तो तीन आठवडे बंदुकांचा अभ्यास करत होता. टर्की पक्षी मारायला कोणती बंदूक घ्यावी, हे अमेरिकेतले दाढीवाले शिकारी यूट्यूबवर सांगायचे आणि हा ते जेवताना बायकोला ऐकवायचा.

नेम धरायचा होता तो बायकोला, म्हणजे नूपुरला. ती तिथल्याच एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबची बायकांची टीम रियाधच्या स्पर्धेला जाणार होती. टीममध्ये चौघी हव्या होत्या, तिघी ठरल्या होत्या. चौथीसाठी क्लबच्या मालकाने आपली अमेरिकन हौस भागवून घेतली, टर्की मारण्याची चुरस लावली. आता त्या वाळवंटात टर्की कुठून येणार? म्हणून पुठ्ठ्यावर छापलेलं टर्कीचं डोकं, प्रत्येकीला एकच बार, आणि जिचे जास्त छर्रे डोक्यात ती टीममध्ये. सगळ्यांना सारखीच कुपनं मिळणार. बंदुकीचं भाडं, नेम धरायची साइट, सरावाची काडतुसं, सगळं त्यातच बसवायचं. पदरचा एक रियालही घालायचा नाही.

कॉलेजात एनसीसीत असताना नूपुरचा नेम सगळ्यांत सरस होता. दिल्लीच्या शिबिरासाठी निवडही झाली होती. तेवढ्यात लग्नाची तारीख आड आली. पुढे कधीतरी जाशील, असं सगळेच म्हणाले, आणि ते कधीतरी बावीस वर्षांत उगवलं नाही. त्यामुळे ही चौथी जागा तिला हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. घरात हे ती कोणाला बोलली नव्हती.

क्लबात भिंतीला बंदुका ओळीने लावलेल्या होत्या. प्रशिक्षक फहाद एकेक काढून दाखवत होता. नूपुरचा हात एका आखूड, वीस बोअरच्या बंदुकीकडे गेला.

"ती शिकाऊ मुलांची आहे, मॅडम," फहाद हिंदीत म्हणाला.

"अगं, जवळपास तेवढ्याच कुपनांत बारा बोअर मिळतेय, आकडा लहान पण बंदूक मोठी," जयदीप म्हणाला. "मग लहान कशाला घ्यायची? आणि वर ती लाल ठिपक्याची साइट घे. ठिपका टर्कीवर ठेवायचा आणि चाप ओढायचा. काम खलास."

त्याच भावात मोठं मिळत असताना लहान घेणं हे आपल्या माणसांच्या रक्तातच नाही. लहानपणी नूपुरचा गणवेश दोन वर्षं पुढचा असायचा आणि चपलेच्या टाचेत कापूस. तिने मान डोलावली आणि मोठी बंदूक घेतली. साइटने उरलेली बरीच कुपनं खाल्ली. सरावाला जेमतेम चार काडतुसं उरली.

पहिल्याच बाराला तिचा खांदा सणकला. दस्ता इतका लांब की तो काखेतच अडकायचा, गाल टेकायचा नाही, आणि गाल टेकला नाही की लाल ठिपका दिसायचा नाही. चारही बार फुकट गेले. शेजारी अफशाँचे छर्रे मात्र कागदावर बसत होते. इस्पितळाच्या औषध विभागातली ही हैदराबादची उंच मुलगी हीच साइट लावून होती.

"बाजी, आपके कंधे पे तो नील पड़ गया," ती काळजीने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात एक म्हातारेबुवा थोरल्या भावाची कुबडी घेऊन आले. कुबडी चांगली, महागाची, पण काखेपर्यंत घुसणारी. नूपुर नेहमीसारखं त्यांना रागावली. भावाची आहे म्हणून चालत नाही, तुमच्या मापाची हवी. बोलता बोलता तिचं तिलाच हसू आलं. मग रागही आला, आणि तो जयदीपपेक्षा स्वतःचा जास्त आला.

संध्याकाळी ती थेट क्लबात गेली. निवडीच्या आदल्या दिवसापर्यंत सामान बदलून मिळत होतं. तिने मुलांची बंदूक घेतली. नळीच्या टोकावर पितळेचा एक मणी, तीच काय ती साइट. उरलेल्या सगळ्या कुपनांची काडतुसं घेतली.

"लोक हसतील गं," रात्री घरी हे ऐकून जयदीप म्हणाला.

"हसू देत. खांदा माझा आहे."

रोज ड्यूटी संपली की ती कागदावर बार काढायची आणि जाऊन बघायची. छर्रे दाट पडत होते, पण डोक्याच्या खाली, डावीकडे. नेम चुकत नव्हता, बंदूकच तशी मारत होती. मग बंदुकीशी भांडत न बसता ती वर, उजवीकडे नेम धरायला शिकली.

निवडीच्या सकाळी गार वारा सुटला होता. मुलांची बंदूक बघून दोघीतिघी हसल्याच. अफशाँचे डोक्यात अकरा छर्रे बसले आणि टाळ्या पडल्या. तिच्या छर्र्यांची नक्षी जरा वर सरकली होती, पण सराव कमी पडल्याने तिला ते कळलं नव्हतं. नूपुरचा नंबर शेवटचा होता.

दस्ता खांद्यात बसला, गाल टेकला. तिने मणी डोक्याच्या वर, उजवीकडे नेला. मागून जयदीपची कुजबुज आली, "अगं, चुकतोय नेम, खाली घे..."

तिने घेतला नाही. चाप ओढला.

फहाद पुठ्ठा घेऊन आला आणि अरबीत मोजू लागला. रोज पेशंटांचे व्यायाम मोजून मोजून तो आकड्यांचा पाढा तिला तोंडपाठ होता. आठ, नऊ, दहा. अकराला तो क्षणभर थांबला. मग बारा, तेरा, चौदा, आणि तो हसतच पुढे मोजत राहिला. एकोणीस.

"यल्ला मॅडम, चलो रियाध," फहाद म्हणाला.

अफशाँने धावत येऊन तिला मिठी मारली. नूपुरला रडू आलं आणि तिने ते खुशाल येऊ दिलं. एवढ्या माणसांत, भर उन्हात, नाक ओढत ती हसत होती. बावीस वर्षांपूर्वी हुकलेली जागा तिने स्वतःच्या नेमाने मिळवली होती.

जयदीप पुढे आला. त्याने हात पुढे केला.

"दे, मी धरतो बंदूक. दमली असशील."

"राहू दे," नूपुर म्हणाली. "मला पेलते."