बेटावरच्या कैऱ्या

माणसाला कधी कशाची लाज वाटेल, काही नेम नाही. दिव्यानीला ती भामरागडच्या नदीकाठी, भर सकाळी, सख्ख्या मामाला पाहून वाटली.

सहल तिनंच ठरवलेली. "नदीतल्या बेटावर नेणारा एक ओळखीचा नावाडी आहे," असं ब्रह्मपुरीच्या बँकेतल्या आपल्या सोबत्यांना, अतुल, प्रिया आणि रंजीताला, तिनं सांगितलं होतं. आपण माडिया आदिवासी, हे आपलं आजोळ, नावाडी म्हणजे कोलूमामा, हे तिथं गेल्यावर सांगू, असं मनाशी म्हणाली. मामा दोन डोंगे बांबूनं जोडून तयारच होता. वारा पाठचा, म्हणून जुनी चादर बांधून शीडही उभारलेलं. अंगावर पंचा आणि भोकाभोकांची बनियन. प्रिया फिसकन हसली, आणि दिव्यानी बोलून गेली, "चला भाऊ, उशीर होते."

मामाला भाऊ! आई गेल्यावर दोन वर्षं ज्याच्या ताटात जेवली, त्याला! कोलूनं एकदा तिच्याकडे पाहिलं. "बसा, मॅडम," म्हणाला आणि वल्हं उचललं.

शीड फुगलं, डोंगे भरभर निघाले. बेटावर पांढरी वाळू, ताडाची झाडं. "अबे, हे तं अंदमानच हाय!" अतुल ओरडला. मधोमध कैऱ्यांनी लदलेला आंबा. त्यानं दगड मारून पाच-सहा पाडल्या.

आंब्याचा पंडुम, नव्या फळाचा सण, अजून व्हायचा होता. देवाला मान दिल्याशिवाय इथलं लेकरूही कैरी तोंडाला लावत नाही. दिव्यानी एक वाक्य बोलली असती तरी भागलं असतं. पण "तुले कसं माहीत?" असं कोणी विचारलं तर? रंजीतानं मीठ लावून फोड पुढे केली. आणि दिव्यानीनं, मेलीनं, खाल्ली! मामा वाळूत बसून बघत होता. त्यानं मान फिरवली.

दुपारी काठाला लागले, तर गावचा म्हातारा पुजारी उभा. अतुलच्या हातातल्या कैऱ्या पाहून त्याचा चेहरा उतरला. दिव्यानीला त्यानं लहानपणी कडेवर घेतलेलं, पण स्कार्फ-गॉगलमध्ये ओळखलं नाही. माडिया बोलीत त्यानं कोलूला विचारलं, "पंडुमाआधी तोडल्या? खाल्ल्या कोणी? आपलं कोणी होतं का?"

आता बोल, दिव्यानी स्वतःला म्हणाली. मी होते, मी कोलूची भाची, एवढंच म्हण. दंड होईल, पुजाऱ्याचे चार शब्द ऐकावे लागतील, पण गावची राहशील. तिनं गॉगलला हात लावला. शेजारी प्रिया मोबाईल घेऊन उभी होती. हात खाली आला.

कोलू थोडा वेळ थांबला होता. तिच्यासाठीच थांबला होता, हे तिला कळत होतं. मग तो म्हणाला, "नाही. चौघंही पाहुणेच. आपलं कोणी नव्हतं."

"मग दोष नाही," पुजारी म्हणाला. "पाहुण्यांना काय ठाऊक!"

"काय म्हणून राह्यले ते?" प्रियानं विचारलं.

शरमेनं दिव्यानीला वर बघवेना.

"काही नाई," ती म्हणाली. "पाहुण्यांना माफ आहे म्हणतात."