पांढऱ्यावर पांढरं

"पांढऱ्या गाडीला उन्हात मेण लावू नगंस, पोरी. राहिल्यालं दिसत न्हाई, आन् वाळल्यालं निघत न्हाई."

कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर कोपर टेकून हौसाकाकू असं म्हणाल्या होत्या, आणि केतकी हसली होती. तेव्हा आश्विनातलं ऊन होतं, सोनसळी, सैलावलेलं. नवी मोतिया गाडी अंगणात शंखासारखी शुभ्र उभी होती. तिच्या कपाळावर ओलं कुंकू होतं, चाकांखाली चिरडलेल्या लिंबांचा वास होता, आणि शेजारी हृषीकेश होता. शेजारी आपलं माणूस असलं की कुणाचाही इशारा हसण्यावारी जातो.

आता पौष आहे. ऊसपट्ट्यातला पौष, धूसर, धूम्रवर्ण, गोडसर. क्षितिजापर्यंत उसाला तुरे आलेले, रुपेरी, हलते, जणू जमिनीनंच चवऱ्या ढाळायला घेतल्यात. पलीकडे साखर कारखान्याचं धुराडं. त्याचा श्वास रात्रंदिवस चालू. त्या श्वासातून काजळी उतरते. हळूच उतरते, न बोलता उतरते. दोरीवरच्या दुपट्यांवर उतरते, तुळशीच्या मंजिऱ्यांवर उतरते, आणि अंगणातल्या त्या निश्चल, निष्कलंक गाडीवर तीट लावल्यासारखी येऊन बसते.

हृषीकेश समुद्रावर आहे. जहाजाच्या पोटात, यंत्रांच्या धगीत, कुठल्याशा निळ्या नकाशाच्या मधोमध. घरात केतकी आहे, आणि नुकती भिंत धरून पावलं टाकू लागलेली रेवा आहे, आणि दोघींच्या मध्ये एक भली मोठी शांतता आहे, जिला रोज झाडून काढावं लागतं.

काल त्याचा फोन आला होता.

"कंपनी विचारतेय, अजून सहा महिने थांबतोस का म्हणून. वरची जागा देतायत. उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय." मग जरा थांबून, "तुला जमेल ना गं? खरं सांग."

त्या 'खरं सांग'च्या मागे एक आशा उभी होती, दाराआड लपलेल्या मुलासारखी, पाय दिसत असलेली. केतकीला ते पाय दिसले. ती म्हणाली, "न जमायला काय झालं? उद्या संध्याकाळी कर फोन, सांगते."

आणि आज सकाळपासून तिच्या मनानं एकच घेतलं. गाडी चमकवायची. संध्याकाळी फोनवर त्याला ती दाखवायची. शब्दांनी सांगायला गेलं तर आवाज दगा देईल. गाडीचा आवाज कापत नाही. ती झळझळत उभी राहिली की झालं. घर उभं आहे, घरातली उभी आहे, काळजी नसावी.

रेवा झोपते ती दुपारीच. म्हणून काम दुपारीच. डोक्यावर ऊन होतं, हिवाळ्यातलं असलं तरी पत्रा तापवणारं. केतकीनं पाण्यानं काजळी सोडवली, काळे ओघळ मोरीपर्यंत पोचवले, गाडी टिपून कोरडी केली. रेवाचं जुनं मलमलचं दुपटं चौघडी करून घेतलं, मेणाची डबी उघडली, आणि बॉनेटवर पहिलं वर्तुळ काढलं.

वर्तुळ, वर्तुळ, वर्तुळ. हात फिरत होता, जात्यावर फिरावा तसा. मात्र जात्याला ओवी असते, आणि इथं ओवीच्या जागी कान होता, खिडकीकडे लागलेला. आत काही वाजलं का? कूस वळली का? की फारच शांत आहे?

वर्तुळ अर्धंच टाकून केतकी आत गेली. रेवाच्या नाकाखाली तिनं बोट धरलं. इवलासा श्वास बोटावर आला, कोमट, पिसासारखा. ती बाहेर आली. पुन्हा वर्तुळ. मग गॅस. सिलिंडर बंद केला होता ना? पुन्हा आत. पुन्हा बाहेर. पुन्हा वर्तुळ. मग पाळण्याखाली सकाळी दिसलेली लाल मुंगी आठवली. पुन्हा आत.

हे आजचं नव्हतं. गेले कित्येक दिवस ती अशीच अर्धी कामं मांडून धावत होती. पोळी तव्यावर टाकून धावत होती, केस अर्धे विंचरून धावत होती. झोपेत सुद्धा तिचं एक बोट जागं असायचं. हे कुणाला सांगायचं? आईला सांगितलं तर आई म्हणाली होती, "पहिलटकरणीला असंच होतं गं." आणि सगळं पुन्हा पांढरं झालं होतं.

मेण लावून झालं, तसं तिनं दुसऱ्या फडक्यानं ते पुसून काढलं. निदान तिला तरी वाटलं, काढलं. समोर उभं राहून तिनं बघितलं. दुग्धधवल, दर्पणशीतल, चंद्रकांत मण्यासारखी गाडी. कुठं डाग नाही, कुठं रेघ नाही. तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. सगळं कसं छान दिसतंय.

ऊन कलू लागलं. पश्चिमेला उसाच्या तुऱ्यांमागे सूर्य उतरला, ताज्या काकवीच्या रंगाचा. आणि काकवी घेऊनच हौसाकाकू आल्या.

हौसाकाकू शेजारच्या. जनावरांच्या डॉक्टरांच्या पत्नी. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची सायीच्या रंगाची फियाट अजून काकूंच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, परसाच्या भिंतीला खेटून उभी आहे. काकूंना गाडी चालवता येत नाही. तरी दर रविवारी सकाळी, सावलीत, त्या तिला पुसतात, मेण लावतात, आणि पुढच्या रविवारपर्यंत तिच्याकडे बघत बसतात.

"घे, गुऱ्हाळावरची हाय. पोरीला बोटभर चाटव, उगं वाटीभर नगं." काकूंनी वाटी भिंतीवर ठेवली आणि गाडीकडे बघितलं. "पालिश केलीस व्हय?"

"केली. कशी दिसतेय?"

काकू फाटकातून आत आल्या आणि बॉनेटवर नुसता तळहात ठेवला. ठेवून सावकाश ओढला, गाईच्या पाठीवरून ओढावा तसा.

"मेण ऱ्हायलंय की."

"कुठं? दिसत तर काहीच नाही."

"दिसंल कसं? पांढऱ्यावर पांढरं. उन्हात लावलीस न्हवं?"

"रेवा तेव्हाच झोपते हो."

"मग मला हाक मारायला त्वांड दुखत हुतं व्हय? ये, खाली बस. हितनं, तिरकं बघ."

केतकी बसली. गाल बॉनेटच्या पातळीला आणून तिनं मावळतीकडे बघितलं.

आणि तिला दिसलं.

आडव्या किरणांनी सगळी पांढुरकी निद्रा पांघरुणासारखी दूर सारली होती. बॉनेटभर वर्तुळं होती. शेकडो वर्तुळं, मंद, दुधाळ, वाळलेली, घट्ट चिकटलेली. आणि त्यातलं एकही धड पूर्ण नव्हतं. जिथं जिथं ती उठून आत पळाली होती, तिथं तिथं वर्तुळ तुटलं होतं. फुटक्या बांगड्यांनी अंगण भरावं तशी ती गाडी भरली होती. दुपारभराची तिची सगळी भीती तिथं उमटलेली होती, आणि समोरून बघणाऱ्याला त्यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

केतकीनं एका तुटक्या वर्तुळावर बोट ठेवलं.

"जेवलीस का गं?" काकूंनी विचारलं.

"जेवले की."

काकूंनी मान कलती केली. मघाशी गाडीकडे बघायला सांगितलं होतं, तशीच कलती, तशीच तिरकी. मग बॉनेटवरचा तोच तळहात त्यांनी केतकीच्या पाठीवर ठेवला आणि सावकाश खाली ओढला.

"हाडं लागत्यात," एवढंच त्या म्हणाल्या.

केतकीच्या डोळ्यांतून काय आलं ते तिन्हीसांजेला माहीत. आवाज आला नाही. आज उशिरापर्यंत झोपलेली रेवा उठेल म्हणून तिनं आवाज येऊ दिला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर हृषीकेश, मागे लोखंडी भिंत, यंत्रांची घरघर. तिनं डोळे पुसले आणि ठरवल्याप्रमाणे फोन गाडीकडे फिरवला.

"अरे वा," तो म्हणाला. "आरशासारखी केलीस की. बघ, उगीच घाबरत होतो मी. मग काय कळवू त्यांना?"

'हो' जिभेवर होतं. गुळगुळीत, तयार, तुकतुकीत. एक 'हो', आणि आणखी सहा महिने सगळं पांढरं.

काकू भिंतीशी जाऊन पाठ फिरवून उभ्या राहिल्या, उसाकडे बघत.

केतकी पुन्हा खाली बसली. फोन तिनं बॉनेटला टेकवला, मावळतीच्या रोखानं. "समोरून नको बघू," ती म्हणाली. "असं तिरकं बघ."

पडद्यावरचा चेहरा जवळ आला.

"हे काय आहे? मेण? एवढं राहिलंय?"

"हो."

"पुसून निघेल ना?"

"एकटीनं नाही निघत, हृषी."

सूर्याचा शेवटचा थेंब तुऱ्यांत मुरला, आणि वर्तुळं एकेक करून विझली. मग त्याचा आवाज आला, हळू, जवळचा, दारामागून बाहेर आलेला.

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

"आजच त्यांना 'नाही' म्हणून कळवतो. ठरल्या वेळी येतोच मी. आणि तोवर, केतकी, रोज असं तिरकं दाखवत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सावलीत, दोघींनी मिळून मेण काढलं. वाळलेलं मेण नव्या मेणानंच सुटतं, हे काकूंनी करून दाखवलं. नव्याचा ओलावा जुन्याला मऊ करतो, मग दोन्ही फडक्यावर येतात. रेवा काकूंच्या पदराला धरून उभी होती, आणि केतकीनं पहिल्यांदा एक वर्तुळ सुरू करून तिथंच आणून मिटवलं.

मग वाटी परत द्यायची होती. आलेली वाटी रिकामी परत देत नाहीत. घरात गोडधोड काही नव्हतं, म्हणून केतकीनं वाटीत मेणाची डबी ठेवली आणि ती काकूंच्या अंगणात गेली. काकू आत चहा टाकत होत्या. छपराखाली फियाट होती, सायीसारखी सुस्निग्ध, झळाळती. डॉक्टरांच्या बाजूचं दार तर असं, की त्यात आभाळ दिसावं.

पण केतकीला आता तिरकं बघायची सवय लागली होती. ती गाडीला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेली. एक माणूस अंग चोरून कसाबसा मावेल, एवढीच तिथं जागा.

त्या बाजूचं दार काजळीनं काळं झालं होतं. कित्येक हंगामांची काजळी, थरावर थर, मखमलीसारखी. ती काकूंची बाजू होती. डॉक्टर गाडी चालवायचे तेव्हा काकू बसायच्या ती बाजू. तिला कुणी हात लावलेला नव्हता. काकूंनीही नाही.

"काकू, तुम्ही कशा आहात?" केतकीनं तिथूनच विचारलं.

"मला काय धाड भरलीया?" आतून हसरा आवाज आला. पांढराशुभ्र.

केतकीनं वाटी टपावर ठेवली, पदर खोचला, आणि पाण्याची बादली मागितली.

तुमच्याही भिंतीपलीकडे अशी एखादी गाडी असेल, असं एखादं माणूस असेल, समोरून स्वच्छ, समोरून सुखी. केतकी तुम्हाला एवढंच सांगते: आज जा. फाटकातून हाक मारून परत फिरू नका. 'मजेत' ऐकून परत फिरू नका. वाटी परत द्यायचं निमित्त करा, वळसा घाला, भिंतीच्या बाजूला जा, तळहात ठेवा. सावकाश ओढा. बाहेर काजळी पडतेच आहे, हळू पडते आहे, न बोलता पडते आहे, पांढऱ्यावर, सायीवर, आणि ज्या दाराशी कुणी जात नाही, त्या दारावर.